‘अचानक’ नावाचा रकाना

वाचक मैत्रिणीचं पत्र:

मावशी, मी डोंबिवलीला राहते. वय ३५. घरात आम्ही दोघं, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मिस्टर घरखर्चाला ४८,००० देतात, माझ्या शिकवण्यांचे ७,००० येतात. दर महिन्याच्या एक तारखेला मी वहीत बजेट मांडते आणि वीस तारीख आली की ते मोडतं. बँकेत दरमहा ४,००० ची आरडी लावली होती, वर्षात चार हप्ते चुकले. क्रेडिट कार्डावर २८,००० थकलेत, त्याची किमान रक्कम भरत राहते. दिवाळीला मिस्टरांना १५,००० मिळतात, तेही यंदा दिवाळीतच संपले. स्वतःवर मी काहीच खर्च करत नाही. फळं मुलांना आणि आईंना देते, चष्म्याचा नंबर वाढलाय तेही पुढे ढकललंय. तरी परवा हे म्हणाले, ‘तुझ्या हातात पैसा टिकतच नाही.’ तेव्हापासून वही उघडावीशी वाटत नाही. माझं कुठे चुकतंय? वर्षाचे गहू, डाळी एकदम भरले तर परवडेल का? वर्षभराच्या वहीचे फोटो पाठवते आहे.

उत्तर:

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही अहो-जाहो करत नाही.

तुझी वही मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. आधी तुझ्या मनाला लागलेल्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण त्याचं उत्तर तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, दूध, भाजी, शाळेची फी, मुलांची रिक्षा, आईंची औषधं, वीज, गॅस, मोबाइल, कामवाल्या मावशींचा पगार, किरकोळ, हे सगळं धरून तुझा महिन्याचा खर्च ५०,२०० च्या आसपास आहे. बारा महिन्यांत तो कधी ४९,६०० झाला, कधी ५०,९००. पाच माणसांच्या घरात, भाजीचे भाव पावसाळ्यात चढतात आणि हिवाळ्यात उतरतात अशा वर्षात, तू खर्च हजार-तेराशेच्या फरकात धरून ठेवलास. ज्या बाईच्या हातात पैसा टिकत नाही तिच्या वहीत असे आकडे येत नाहीत. हे मिस्टरांना दाखव. भांडायला म्हणून नको, पण दाखव.

मग बजेट मोडतं कुठे? तुझ्या वहीत उजव्या हाताला एक रकाना आहे. त्याच्या डोक्यावर तू लिहिलं आहेस ‘अचानक’, आणि खाली दोन रेघा मारल्या आहेस. मी त्या रकान्यातले सगळे आकडे उतरवून काढले. जानेवारीत आरोग्य विम्याचा हप्ता १४,०००. एप्रिल-मेमध्ये तीन लग्नांचे आहेर ६,५००. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, रेनकोट मिळून ११,०००. मार्चमध्ये मुलीचा आणि ऑगस्टमध्ये मुलाचा वाढदिवस, दोन्ही मिळून ४,०००. जुलैत स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. गणपतीला गावी जाणं ९,०००. दिवाळीचा फराळ, कपडे, भाऊबीज, पोस्त १२,०००. बेरीज ६०,५००.

आता मला सांग, यातलं अचानक काय आहे? शाळा दर जूनमध्ये उघडते. गणपती दर वर्षी येतात. विम्याच्या कंपनीने तर तारीख आधी छापून दिलेली असते. खरोखर अचानक म्हणावेत असे तुझ्या वर्षभरात दोनच खर्च आहेत, फ्रिजची दुरुस्ती ३,२०० आणि आईंना ताप आला तेव्हाच्या तपासण्या ५,३००. बाकी सगळे पाहुणे ठरलेल्या दिवशी येतात आणि तरी दर वेळी तू दार उघडून दचकतेस.

तुझी चूक एवढीच. ती चूक खूप घरांत होते आणि काटकसरीने वागणाऱ्या घरांत जास्त होते, कारण तिथली बाई महिन्याच्या आकड्यावर इतकी बारीक नजर ठेवून असते की वर्ष तिच्या नजरेतून सुटतं. पगार महिन्याचा येतो म्हणून आपण बजेटही महिन्याचं मांडतो. संसार मात्र वर्षाच्या चक्राने फिरतो.

आपल्या आयांना हे कळत होतं, आणि त्यांनी कधी बजेट हा शब्द वापरला नसेल. माझ्या आईचं सगळं हिशेबाचं काम स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेल्या कॅलेंडरवर चाले. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, आमच्याकडे ते लगेचच्या एक-दोन वर्षांत आलं असावं. तारखेच्या चौकटीत दुधाचा खाडा असला की फुली, सिलिंडर लावला की गोल. पण नवं कॅलेंडर घरात आलं की ती पहिल्यांदा एक वेगळं काम करायची. पानं उलटत जायची आणि प्रत्येक महिन्याच्या तळाशी बारीक अक्षरात येणारे खर्च लिहून ठेवायची. मेच्या पानावर ‘गहू, तिखट’, जूनच्या पानावर ‘वह्या, छत्र्या’, श्रावणात ‘सवाष्ण’. मी लहानपणी बघायचे की जानेवारीतच तिला जूनची काळजी असे. आज कळतं की काळजी जानेवारीत केल्यामुळे जूनमध्ये ती शांत असे.

तुलाही हेच करायचं आहे. नवं कॅलेंडर आता बाजारात आलंच असेल. वही घे, वरची सात नावं त्या त्या महिन्याच्या पानावर आकड्यासकट लिही. मग साधा भागाकार. ६०,५०० मधून दिवाळीला मिस्टरांना मिळणारे १५,००० वजा कर. तू लिहिलं आहेस की ते यंदा दिवाळीतच संपले. संपू देत, ते दिवाळीचेच आहेत. उरले ४५,५००. बाराने भाग दिला की महिन्याला ३,८०० येतात. हा तुझा वर्षाचा हप्ता. घराच्या हप्त्याइतकाच तो पक्का समज. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी तो बाजूला गेला पाहिजे, महिन्याअखेर उरलं तर नव्हे.

ठेवायचे कुठे हेही महत्त्वाचं आहे. मी नवीन संसारात होते तेव्हा लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं जपून ठेवायचे. एकावर ‘विमा’, एकावर ‘शाळा’, एकावर ‘दिवाळी’ असं पेनने लिहायचे आणि पगाराच्या दिवशी नोटा वाटून टाकायचे. शाळेच्या पाकिटातली शंभराची नोट भाजीसाठी काढताना हात अडखळायचा. तो अडखळणारा हात हीच सगळी शिस्त होती. आता फोनवरून पैसे जातात आणि सगळी पाकिटं एकाच खात्यात एकत्र पडलेली असतात, म्हणून हात अडखळत नाही. तेव्हा एक दुसरं बचत खातं ठेव. ज्या बँकेत किमान शिल्लक ठेवावी लागत नाही तिथे उघड. त्याचं कार्ड कपाटात ठेव आणि ते खातं फोनमधल्या यूपीआयला जोडूच नकोस. पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या तीन तारखेला ३,८०० तिकडे आपोआप जातील अशी सूचना बँकेला दिली की झालं. खर्चाच्या वेळी पैसे परत आणायला जे दोन मिनिटांचे कष्ट पडतील, ते पाकिटाचं काम करतील.

आता तुला न आवडणारी गोष्ट. आरडी मोड.

मला ठाऊक आहे, आठ हप्ते तू पोटाला चिमटा काढून भरलेत. त्या पासबुकावर तुझा जीव आहे. पण तुझीच दोन पानं शेजारी ठेवून बघ. आरडीत ३२,००० जमले आणि कार्डावर २८,००० थकले. हे दोन वेगळे आकडे नाहीत. ज्या महिन्यात तू आरडीचे ४,००० भरलेस, त्याच महिन्यात वह्या किंवा विमा कार्डावर गेला. म्हणजे ती बचत उधारीवर झाली. आरडीवर तुला वर्षाला साडेसहा-सात टक्के मिळत असतील. कार्डाची थकबाकी पुढे ओढली की बहुतेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. २८,००० वर हे महिन्याला साडेअकराशे रुपयांच्या घरात जातं. आरडीचं महिन्याचं व्याज पावणेदोनशे. पावणेदोनशे मिळवायला तू साडेअकराशे देते आहेस. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि ‘किमान रक्कम’ या शब्दाने फसू नकोस. ती भरली की बँकेचा फोन येत नाही एवढंच, मुद्दल जवळजवळ जागच्या जागी राहतं.

तुझी आरडी बँकेची आहे, तेव्हा मुदतीआधी बंद करता येईल. व्याज थोडं कापतील. पोस्टाची असती तर तीन वर्षं बंद करता आली नसती. ३२,००० हाती आले की त्याच दिवशी कार्डाचे २८,००० भर. कार्ड रद्द केलं नाहीस तरी चालेल, पण फोनमधल्या खरेदीच्या ॲपांतून त्याचा नंबर काढून टाक. उरलेले ४,००० त्या नव्या खात्यात टाक, ती तुझ्या वर्षाची सुरुवात.

हे जमेल का, असं तुला वाटेल. मी वर्ष चालवून बघितलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे ११,४०० आणि हे ४,००० मिळून १५,४००. विम्याचे १४,००० गेले, हातात १,४००. फेब्रुवारी ते जून पाच महिन्यांचे १९,००० आले. त्यातून मुलीचा वाढदिवस, आहेर, शाळेची खरेदी मिळून १९,५०० गेले, हातात ९००. जुलै-ऑगस्टचे ७,६०० आले, स्कूटर आणि मुलाचा वाढदिवस झाला, हातात २,५००. सप्टेंबरचे ३,८०० मिळून ६,३००, आणि गणपतीला लागतात ९,०००. म्हणजे पहिल्या वर्षी गणपतीत २,७०० कमी पडतील. हे तुला आज, दहा महिने आधी ठाऊक आहे. यंदा ते तुला गावच्या गाडीचं तिकीट काढताना कळलं आणि कार्ड बाहेर आलं. दिवाळीचे पैसे आले की ते २,७०० फेडूनही पुढच्या वर्षासाठी चार हजारांच्या थोडे वर शिल्लक राहतात.

५५,००० मधून ५०,२०० आणि ३,८०० गेले की तुझ्याकडे १,००० उरतात. ते खऱ्याखुऱ्या अचानकसाठी, फ्रिज आणि तापासाठी. गणपतीची तूटही हवी तर त्यातून भागवता येईल. रक्कम लहान आहे, म्हणून आता खर्चाकडे वळते. पण भाजी-दुधात मी कात्री लावणार नाही. तिथे तू आधीच जेवढं ओढायचं तेवढं ओढलं आहेस.

मोठी जागा आईंच्या औषधांची आहे, महिन्याला २,०००. रक्तदाब आणि साखर, म्हणजे रोज आणि कायमची औषधं. डॉक्टरांना पुढच्या भेटीत स्पष्ट विचार की गोळ्यांची मूळ नावं लिहून द्याल का, आणि जनऔषधी केंद्रातली चालतील का. तिथे ब्रँडच्या नावाशिवाय तीच औषधं मिळतात आणि किमती पुष्कळदा निम्म्याहूनही कमी असतात. डॉक्टरांना न विचारता मात्र एकही गोळी बदलायची नाही, आणि बदलल्यावर महिनाभरात साखर-रक्तदाब तपासून घ्यायचा. त्याच कामात आईंचं आयुष्मान वयवंदना कार्डही काढून घे. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. आधार कार्ड लागतं.

दुसरी जागा तुझ्या लक्षातही आली नसेल. सप्टेंबरच्या एका पानावर मी मोजलं, दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून २३ वेळा सामान आलं आहे. कोथिंबीर, ब्रेड, अर्धा किलो रवा, आणि प्रत्येक वेळी सोबत काहीतरी चटपटीत, कारण अमुक रकमेच्या वर गेलं की घरपोच फुकट. डोंबिवलीच्या घरातून खाली उतरलं की वाणी आहे आणि स्टेशनच्या वाटेवर भाजीवाल्या बसतात. फ्रिजच्या दाराला एक कागद लाव. जे संपलं ते ज्याने संपवलं त्याने लिहायचं, मुलांनीसुद्धा. महिन्याला दोनदा वाण्याकडे यादी द्यायची. भाजीसाठी दर शनिवारी एकूण हजार रुपयांच्या नोटा पर्समध्ये काढायच्या आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याच. नोटा मोजून देताना जे कळतं ते फोन पुढे धरताना कळत नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. २,००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास जास्त चालला तर महिन्याला ३० युनिट जातात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर एकदम वरच्या टप्प्यात जातो, म्हणून तीस युनिट बिलात जास्त बोचतात. आंघोळी पाठोपाठ उरका, एवढंच.

वर्षाचे गहू, डाळी एकदम भरण्याबद्दल तू विचारलं होतंस. वन बीएचकेमध्ये नको. कोठी, माळा, ऊन दाखवायला गच्ची असेल तर ते परवडतं. कीड लागून अर्धं पोतं फेकलं की सगळा फायदा गेला. मार्च-एप्रिलमध्ये नवी तूरडाळ आली की तीन महिन्यांची घे, तेवढी डब्यात नीट राहते.

आणि तुझ्या यादीत एक गोष्ट मला दिसली नाही. घरावर कर्ज आहे आणि मोठी मिळकत एकाची आहे. बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा या दोन्ही विम्यांचे अर्ज दोघांच्या नावाने भरून टाका. जीवन ज्योतीला वर्षाला ४३६ रुपये, अपघाताच्या सुरक्षा विम्याला २०, आणि प्रत्येकी २ लाखांचं संरक्षण. घरकर्जाच्या मानाने हे फार थोडं आहे, पुढे हात मोकळा झाला की मिस्टरांनी मोठा मुदत विमा घ्यायलाच हवा. पण तोवर शून्यापेक्षा हे बरं, आणि ९१२ रुपये तुझ्या यादीत मेच्या पानावर बसतील.

आता तुझ्याबद्दल. पत्रातलं ते वाक्य तू सहज लिहून गेलीस, ‘स्वतःवर काहीच खर्च करत नाही’, आणि मला तिथेच थांबावं लागलं. फळं कापून ताटल्या भरायच्या आणि आपण सालीला चिकटलेला गर खायचा, हे मी माझ्या आईला करताना पाहिलं, मीही कितीतरी वर्षं केलं. याला काटकसर म्हणू नकोस. पाच माणसांच्या घरात चार वाटे करण्याची सवय आहे ही. तू सकाळी डबे करतेस, दुपारपासून शिकवण्या घेतेस, रात्री वही लिहितेस. तुझ्या ७,००० रुपयांवर या घराचं सगळं गणित बसलं आहे. ते नसते तर नेहमीचा खर्चही भागला नसता. वाढलेल्या नंबरवर जुना चष्मा लावून मुलांच्या वह्या तपासतेस, तर डोकं दुखणारच. केळी पाच आणायची असतील तर पाच वाटे कर. परवडत नसतील तर दोन दिवसांआड आण, पण वाटे पाचच.

मिस्टरांशी बोलण्याचंही सांगते. परवाचं वाक्य त्यांनी कसं म्हटलं मला माहीत नाही. पण कार्डाचे २८,००० बघून त्यांनाही भीती वाटली असेल, आणि भीती वाटली की माणसं दोष देतात. येत्या रविवारी मुलं खेळायला गेली की दोघं बसा. वही त्यांच्या हातात दे आणि ‘अचानक’चा रकाना त्यांनाच वाचू दे. मग नवं कॅलेंडर पुढे ठेव आणि त्या सात नोंदी त्यांच्या अक्षरात लिहून घे. आहेराचे आकडे त्यांच्याकडच्या नात्यांतलेही आहेत, गणपती त्यांच्या गावचा आहे, तेव्हा किती द्यायचं, कसं जायचं हे तू एकटीने ठरवण्यातलं नाहीच. गणपतीचे २,७०० कुठून भरायचे हाही प्रश्न त्यांना विचार. मला वाटतं ते उत्तर काढतील. त्या दिवसापासून वही दोघांची, एक आठवडा तू लिही, एक आठवडा त्यांनी.

आणि नोव्हेंबरच्या पानावर, सगळ्यात वर, चष्मा लिही. औषधांत आणि त्या ॲपवर पहिल्या महिन्यात जे वाचेल ते त्याचं. डोळे तपासायला मात्र पैसे वाचण्याची वाट बघू नकोस, या आठवड्यातच जा.